चपट्या पेन्सिलीची टकटक

तपासणी दुपारी होती आणि माझा भाऊ सकाळपासून नळ घासत बसला होता.

मी चपलांच्या दुकानात कामाला आहे. तिथे अर्ध्या दिवसाची रजा मागायची म्हणजे आधी मालकाचा मूड बघायचा, मग तोंड उघडायचं, आणि वर माहेरच्या ओढीबद्दल दोन टोमणे ऐकून घ्यायचे. एवढं सगळं करून मी धावतपळत आले, तर हा पठ्ठ्या मोरीत उकिडवा बसलेला, हातात घासणी. बाहेरच्या खोलीची फरशी पुसून झालेली. बाबांच्या पलंगावरच्या चादरीला औषधालाही सुरकुती नाही. टेबलावर त्याने दुरुस्तीला घेतलेले रेडिओ आणि पंखे लहान-मोठे बघून लावून ठेवलेले. माझं डोकंच फिरलं.

"अरे, तुला वेड लागलंय का? आज तपासणी आहे."

"म्हणून तर," तो मान वर न करता म्हणाला.

फौजेत राहिलेल्या माणसाला तपासणी म्हटलं की एवढंच कळतं. साहेब येणार, कपाटावरून बोट फिरवणार, धूळ बघणार. मागच्या वेळीही याने असंच घर लख्ख केलं होतं. तेव्हा माजी सैनिकांच्या कार्यालयातून एक तरुण साहेब आला होता. त्याने चकचकीत घर पाहिलं, चकचकीत दाढी केलेले बाबा पाहिले, बाबांनी स्वतःच्या हाताने केलेला चहा प्यायला, आणि जाऊन लिहिलं, "वडील घरात कुणाच्याही मदतीशिवाय वावरतात." झालं. अर्ज नामंजूर. आता फेरतपासणी होती. ही हुकली की पुढे अर्जच घेत नाहीत.

अर्ज पालक भत्त्याचा होता. माजी सैनिकाच्या घरात त्याच्यावर अवलंबून असलेले आईवडील असतील, तर सरकार त्याच्या पेन्शनीत दर महिन्याला भर घालतं. आमचा फौजी, गल्लीत सगळे त्याला फौजीच म्हणतात, पाठीच्या दुखण्यामुळे लवकर बाहेर पडला. त्यामुळे पेन्शन अगदीच तुटपुंजी. घरबसल्या रेडिओ दुरुस्त करून कितीसं सुटणार? भत्ता मिळाला नाही तर डोंगरापलीकडच्या खाणीवर पहारेकऱ्याची नोकरी धरायची, असं त्याने ठरवून टाकलं होतं. तिथे राहावं लागतं. आणि बाबांना ठेवायचं पालक निवासात, म्हणजे वृद्धाश्रमात.

माझ्याकडे का नाही, असं लोक विचारतात. लोकांचं काय जातं विचारायला. माझं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं, त्यातल्या एका खोलीत सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. बाबांना मी कुठे टांगू?

आणि ते निवास मी पाहिलं होतं. फौजीच्या पाठीचं ऑपरेशन झालं तेव्हा बाबांना थोडे दिवस तिथे ठेवावं लागलं. मी भेटायला गेले तर बाबा खुर्चीत. पोटाभोवती चादर गुंडाळून मागे गाठ मारलेली. पडू नयेत म्हणून, असं तिथली बाई म्हणाली. वाईट नव्हती हो ती, एकटी किती जणांकडे बघणार. पण बाबा माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. नुसते बोटांनी गाठ चाचपत होते. जन्मभर सुतारकाम केलेला माणूस, त्याला गाठ सोडवता येत नव्हती असं नाही. सोडवून जायचं कुठे, तेच त्याला माहीत नव्हतं. त्या दिवशी घरी येईपर्यंत मी रडत होते, आणि रिक्षावाल्याने पैसे घेताना माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

बाबांची नजर गेली ती हळूहळू गेली. आधी बारीक काम सुटलं, मग रंधा सुटला, मग रस्ता. आई तेव्हा नव्हतीच. मी हात धरायला गेले की हात झिडकारायचे. "मला धरायचं नाही. धरून न्यायला मी काय चोर आहे?" एकदा पायरीवर मी दंड पकडला तर चार दिवस अबोला धरला. हट्टीपणात आमच्या घराण्याचा हात कुणी धरणार नाही.

मग फौजी कायमचा घरी आला आणि त्याने वाट काढली. फौजेत तो वायरलेसवर होता. त्याने घरातली एकेक वस्तू जागेवर बसवली, अशी की स्टुलाचा पायसुद्धा हलता कामा नये. आणि बाबांची जुनी चपटी पेन्सिल, सुतार कानावर ठेवतात ना ती, स्वतःच्या खिशात घातली. तो जिथे असेल तिथून ती वाजवायचा. टेबलावर, दारावर, भिंतीवर, जे हाताशी असेल त्यावर. एकदा टक, म्हणजे वळा. दोनदा पटापट, म्हणजे थांबा, काहीतरी आडवं आहे. आणि आवाज नाही, म्हणजे वाट मोकळी. हात लावायचा नाही, बोलायचं नाही. बाबा असे चालायला लागले की त्यांना दिसत नाही हे नव्या माणसाला कळतसुद्धा नसे. फौजी तारा जोडता जोडता पेन्सिल वाजवायचा, बाबा त्या आवाजावर स्वयंपाकघरात जाऊन चहा करून आणायचे. मला ते बघून हसू यायचं.

आणि हीच पेन्सिल आता आमच्या मुळावर उठली होती.

मी फौजीला मोरीतून ओढून मागच्या अंगणात नेलं. बाबांचे कान फार तिखट, म्हणून नळ सोडून ठेवला.

"हे बघ," मी म्हटलं, "आज ती पेन्सिल खिशातून काढायची नाही. त्यांना एकदा अडखळू दे. त्या बाईंना दिसू दे."

"ताई, ते जमणार नाही."

"का नाही जमणार?"

"आवाज नाही म्हणजे वाट मोकळी, हे मी त्यांना शिकवलंय. मी गप्प बसलो तर ते गप्प बसणं नाही. ते खोटं सांगणं आहे."

"आणि खुर्चीला बांधतील ते?"

हाताला लागलेली पावडर पँटला पुसत राहिला. हा असाच. लहानपणीही मार खायचा पण तोंडातून शब्द काढायचा नाही.

"मग बाबांना सांगून टाकू," मी म्हटलं. "सांगू की असं असं आहे, आज जरा हळू चाला, माझा हात धरा."

"भत्त्याचं त्यांना कळलं ना, तर उद्या सकाळी स्वतः पिशवी भरून निवासात जातील. आपल्या नावावर पोराला सरकारकडे हात पसरावा लागतो, हे त्यांना सहन होईल? तू ओळखत नाहीस त्यांना?"

ओळखत होते. म्हणून तर वाद न वाढवता नळ बंद केला.

आम्ही आत आलो तर बाबा तयार. इस्त्रीचा शर्ट, दाढी गुळगुळीत, केस पाण्याने चापून बसवलेले. माझी चाहूल लागताच म्हणाले, "आली का आमची वकीलीण? नळ कशाला सोडला होता? पाणी काय तुझ्या सासरचं आहे?"

"काही नाही हो. हात धूत होते."

"बरं. ऐक. ते लोक पोराच्या पेन्शनीचं काहीतरी बघायला येतायत. घर नीट ठेवतो का, बापाला नीट ठेवतो का, ते बघतील. मागच्या खेपेला मी चहा दिला, तो साहेब खूश होऊन गेला. आजही मीच देणार. माझ्यामुळे पोराचं नाव खाली जायला नको."

मी फौजीकडे पाहिलं. तो रेडिओत डोकं घालून बसला. घरात तीन माणसं, तिन्ही एकमेकांचं भलं करायला निघालेली, आणि तिघं मिळून घर बुडवणार होती. मला दोघांच्याही थोबाडीत द्यावीशी वाटली.

तपासणीवाल्या बाई वेळेवर आल्या. माझ्या धंद्यामुळे माझी नजर आधी पायांकडे जाते. काळे बूट, टाचा बाहेरच्या बाजूने झिजलेल्या, दिवसभर पायपीट करणाऱ्या बाईचे. वय माझ्याएवढंच. राखाडी कोट, खांद्याला मोठी काळी बॅग, इतकी भरलेली की चेन लागत नव्हती. चेहरा खडूस नव्हता. दमलेला होता.

"या मॅडम," बाबा उठून उभे राहिले आणि नमस्कार केला, अगदी बरोबर त्यांच्या दिशेला. "बसा. खुर्ची तुमच्या उजवीकडे आहे."

गेलंच की मग, मी मनात म्हटलं. आंधळा माणूस डोळस बाईला खुर्ची दाखवतोय.

बाई बसल्या. फाइल उघडली. "आजोबा, तब्येत कशी आहे?"

"ठणठणीत."

"अंघोळ वगैरे?"

"माझी मी. लहान बाळ आहे का?"

"जेवण कोण करतं?"

"पोरगा करतो. मी केलं असतं, पण त्याला माझ्या हातची डाळ आवडत नाही. फौजेत लाडावून ठेवला त्याला."

बाई हसल्या. हसत हसतच लिहीत होत्या, आणि त्यांचं पेन चाललं की माझा जीव खालीवर होत होता. "तुम्हाला दिसतं किती, आजोबा?"

"दिसतं की थोडं थोडं." धडधडीत खोटं. बाबांना दिवस की रात्र एवढंही कळत नाही. "पोटापुरतं दिसतं."

"माझ्या कोटाचा रंग सांगाल?"

"मॅडम, बायकांच्या कपड्यांबद्दल बोलायचं माझं वय राहिलं का आता? हिची आई असती तर रागावली असती."

बाई पुन्हा हसल्या. मी हसले नाही. बाबा उठले. "बसा, चहा आणतो." फौजीची पेन्सिल टेबलावर वाजली. टक. बाबा वळले. दाराच्या चौकटीला न लागता मधल्या बोळातून स्वयंपाकघरात गेले. आत गॅस पेटल्याचा आवाज आला, मग कप विसळायला सोडलेल्या नळाचा.

बाईंनी फाइलवर हात ठेवला आणि आवाज खाली आणला. "हे बघा, मी आधीचा शेरा वाचलाय. आत्ता पाहिलं त्यात मला वेगळं काही दिसत नाही."

"मॅडम, त्यांना काहीच दिसत नाही," मी म्हटलं. "डॉक्टरांचा दाखला आहे."

"दाखला नजरेचा आहे. नजर नसलेली पुष्कळ माणसं आपलं आपण करतात, आणि छान करतात. भत्ता त्यांना रोज दुसऱ्याची मदत लागते का, यावर आहे."

"लागते ना," फौजी म्हणाला. त्याने पेन्सिल पुढे केली आणि सांगितलं. वळा, थांबा, आवाज नाही म्हणजे वाट मोकळी. फौजेत साहेबासमोर बोलावं तसा ताठ बसून सांगत होता.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. टिंगल केली नाही. पण मान हलवली. "तुमचं कौतुक वाटतं मला. खरंच. पण हे लिहू कुठे? माझ्या फॉर्मात भरवणं आहे, अंघोळ घालणं आहे, कपडे चढवणं आहे, चालताना धरणं आहे. धरणं. वाजवणं नाही."

"ते धरू देत नाहीत," फौजी म्हणाला.

"मग मी धरतात असं कसं लिहू? मलाही वर उत्तर द्यावं लागतं."

त्या बोलल्या ते खोटं नव्हतं, म्हणून जास्त राग आला. दुष्ट बाई असती तर चार शब्द सुनावून मोकळी तरी झाले असते. त्यांनी वेगळा कागद शोधायला बॅग मांडीवर घेतली, आतली दोन-तीन पाकिटं काढली, आणि बॅग खाली ठेवली. खुर्चीच्या शेजारी जागा नव्हती. म्हणून जरा पुढे, बोळाच्या तोंडाशी. बाबा ज्या वाटेने येणार होते, बरोबर त्या वाटेत. बाईंच्या ध्यानीमनीही नव्हतं. त्या लिहायला लागल्या.

मला दिसलं. फौजीला दिसलं.

आतून कपबशांचा आवाज आला. मग बाबांची पावलं. बोळ अरुंद आहे, दोन्ही कोपर भिंतींना लागतात, म्हणून तिथे ते बिनधास्त चालतात. बोळ संपला की मात्र पेन्सिलीच्या भरवशावर. हातात ट्रे, ट्रेमध्ये चार कप, वाफा येताहेत. चेहऱ्यावर ते त्यांचं यजमानाचं हसू.

फौजीने पेन्सिल उचलली. टेबलापासून एवढीशी वर धरली. मी त्याच्या बोटांकडे बघत होते. नखं पांढरी पडली होती. मी सकाळपासून ज्याच्यासाठी त्याच्या मागे लागले होते ते आता माझ्यासमोर होतं, आणि मला ते नको झालं. वाजव रे, मी मनात म्हटलं, वाजव मेल्या. तोंडाने "बाबा थांबा" म्हणायला मला कुणी अडवलं होतं? पण ती चादरीची गाठ डोळ्यांसमोर आली, आणि मी तोंड उघडलं नाही.

बाबा बोळाच्या तोंडाशी क्षणभर थांबले. नेहमी थांबतात. मान जरा तिरकी करून ऐकलं. आवाज नव्हता. म्हणजे वाट मोकळी. त्यांनी पाऊल टाकलं, ते चाचपत नाही, चांगलं ढांगेचं.

पाय बॅगेत अडकला आणि बाबा समोर पालथे पडले. ट्रे आधी, मग ते. कढत चहा त्यांच्या मनगटावर आणि छातीवर. कप फुटले, गुडघा फरशीवर आपटला तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

मी आणि फौजी एकदमच धावलो. बाई खुर्चीतून उठल्या त्या पांढऱ्याफटक. "अहो देवा, माझी बॅग. माझीच चूक." त्या स्वयंपाकघरात पळाल्या, ओला टॉवेल घेऊन आल्या, बाबांच्या मनगटावर धरला. बाबा फरशीवर बसले होते. पहिलं वाक्य काय बोलावं माणसाने?

"कप फुटले का? माफ करा हं, मॅडम. असं कधी होत नाही."

मग त्यांनी चेहरा फौजीकडे वळवला. तो गुडघ्यावर बसून त्यांच्या पायातला काचेचा तुकडा काढत होता.

"पेन्सिल कुठंय तुझी?"

"आहे, बाबा."

"मग?"

"विसरलो."

बाबांनी भाजलेलं मनगट टॉवेलमधून सोडवून घेतलं. मग अगदी हळू म्हणाले, "तू विसरत नाहीस."

बाईंनी ते ऐकलं की नाही, मला माहीत नाही. त्या टॉवेल पिळत होत्या. फौजीने बाबांच्या काखेत हात घालून त्यांना उठवलं. बाबांनी झिडकारलं नाही. माझ्या आठवणीत पहिल्यांदाच. त्याने त्यांना धरून पलंगापर्यंत नेलं, बसवलं, पाय वर घेतले. बाई उभ्या राहून बघत होत्या. मग त्यांनी फाइल घेतली आणि उभ्या उभ्याच विचारलं, "चालताना धरावं लागतं?"

बाबांचा चेहरा छताकडे होता.

"हो," फौजी म्हणाला.

बाईंनी लिहिलं. नियम असा असावा की लिहिलेलं वाचून दाखवायचं, कारण त्यांनी वाचलं. "अर्जदाराच्या वडिलांना पूर्ण अंधत्व असून ते धरल्याशिवाय घरात वावरू शकत नाहीत. पालक भत्ता मंजूर करण्यास हरकत नाही." फौजीची सही घेतली. बॅग उचलताना माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मलम लावा. फोड आले तर दवाखान्यात न्या." दारातून पुन्हा वळून बाबांची माफी मागितली. चांगली होती हो ती बाई.

दार लागलं. मी काचा गोळा करायला लागले, म्हणजे मला कुणाच्या तोंडाकडे बघावं लागलं नसतं.

"भत्ता," बाबा म्हणाले. "कसला भत्ता?"

फौजीने सांगितलं. सगळं सांगितलं. खाण, पहारा, निवास, मागचा शेरा. लपवाछपवी संपली एकदाची.

"मला आधी सांगितलं असतंत तर?"

"तुम्ही निघून गेला असता," मी म्हटलं.

"गेलो असतो," बाबा म्हणाले. मग म्हणाले, "मूर्ख आहात दोघं. मलम कुठंय?"

मला वाटलं, सुटलो. मूर्ख म्हणाले म्हणजे सुटलो. आमच्या घरात राग उतरल्याची हीच खूण. मी मलम लावलं, नवीन चहा केला, आणि घरी जाताना वाटेत एकटीच हसत होते. बाबा घरी राहणार होते. फौजी खाणीवर जाणार नव्हता. कुणी कुणाला खुर्चीला बांधणार नव्हतं. बदल्यात काय, एक गुडघा सुजला, एक मनगट भाजलं. सौदा वाईट नव्हता, असं मी स्वतःला सांगितलं.

मंजुरीचं पत्र आलं तेव्हा मनगटावरची खपलीही पडून गेली होती. दुकानाला सुट्टी होती म्हणून मी दुपारी गेले. जाताना बिस्किटं घेतली. घर तसंच लख्ख. फौजी टेबलाशी पंख्याची मोटर उघडून बसला होता. बाबा पलंगाच्या कडेला.

"चहा टाका की, बाबा," मी म्हटलं. "किती दिवसांत तुमच्या हातचा प्यायले नाही."

फौजीने माझ्याकडे बघून हलकेच मान हलवली, नको म्हणून. पण बाबा उठले. दोन पावलं आले आणि थांबले. मान तिरकी केली, ऐकलं. आवाज नव्हता. वाटेत काही नव्हतं, मी स्वतः पाहिलं. स्टूल जागेवर, चपला जागेवर. वाट अगदी मोकळी. बाबांचा पाय उचलला गेला नाही.

फौजीने पेन्सिल घेतली. एकदा वाजवली. मग थांबून पुन्हा वाजवली, हळू, एकसारखी. नंतर कळलं की त्याने नवीन खूण काढली होती. आता गप्प राहायचंच नाही, वाट मोकळी असेल तर वाजवत राहायचं. किती दिवस तो हे करून बघत होता. टक. टक. टक. बाबा जागचे हलले नाहीत. उजवा पाय जमिनीवर पुढेमागे घासत राहिले, थंड पाण्यात उतरताना माणूस करतो तसं.

"वाट मोकळी आहे, बाबा," फौजी तोंडाने म्हणाला.

"असेल रे."

"खरंच आहे."

"मी नाही म्हटलं का? तू का केलंस तेही मला कळतं. तुझ्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. रागही नाही माझा." त्यांनी ओठ ओले केले. "पण पाय ऐकत नाहीत. त्यांना किती समजावलं मी."

पत्र टेबलावर पडलं होतं. त्यात त्या बाईंचं वाक्य जसंच्या तसं उतरवलेलं होतं, धरल्याशिवाय घरात वावरू शकत नाहीत. त्या दिवशी ते खोटं होतं. मला ते तिथून उचलून चुलीत घालावंसं वाटलं, आणि घालता येत नव्हतं, कारण त्याच्यावरच आता हे घर चालणार होतं.

बाबांनी हात पुढे केला. कुणी जवळ नव्हतं, हवेतच धरला, तळवा वर करून.

"धर," ते म्हणाले.

फौजीने पेन्सिल टेबलावर ठेवली, उठला, आणि त्यांचा हात धरून त्यांना स्वयंपाकघरात घेऊन गेला.